विश्लेषण : दसरा पुढे-मागे होतो, शेवंती मात्र सूर्याचेच ऐकते! फुलशेतीत रात्री दिवे का लावतात?

कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूर परिसरातून रात्री प्रवास केला असेल, तर हे दृश्य कदाचित पाहिले असेल. आजूबाजूला गडद अंधार आणि मध्येच एखादे शेत लग्नाच्या मांडवासारखे उजळलेले. ओळीने टांगलेले शेकडो बल्ब, खाली हिरवीगार रोपे आणि माणूस मात्र एकही नाही. मोबाइलवर फिरणारे असे फोटो पाहून अनेकांना वाटते, ही चोरांपासूनची राखण असावी. काहींना वाटते, रात्री उजेड दिला की रोपे भराभर वाढत असतील.

ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. हे दिवे फूल आणण्यासाठी नसून फूल थांबवण्यासाठी आहेत. रोपाला फसवून 'अजून उन्हाळाच आहे, कळी धरू नकोस' असे सांगण्याची ही युक्ती आहे. ती का करावी लागते, हे कळले तर दसऱ्याला शेवंती कधी स्वस्त तर कधी महाग का मिळते, व्हॅलेंटाइन डेचा गुलाब केनियातून का येतो आणि मावळात गुलाब पिकतो तसा कोकणात का पिकत नाही, या प्रश्नांची उत्तरेही मिळतात.

सणाची तारीख आणि फुलाची तारीख यांची गाठ का पडत नाही?

दसऱ्याच्या अलीकडच्या तारखा पाहा. 2023 मध्ये दसरा 24 ऑक्टोबरला होता, 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. दोन वर्षांत सण तब्बल 22 दिवस अलीकडे आला. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने दरवर्षी 10-11 दिवसांचा फरक पडतो आणि अधिक महिना आला की सण पुन्हा पुढे सरकतो. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने दसरा 20 ऑक्टोबरवर जातो.

म्हणजे आपल्या फुलबाजाराचे पंचांग चंद्रावर चालते. पण शेवंतीचे रोप चंद्राकडे पाहत नाही. ते मोजते सूर्याचा दिवस. त्याच्या दृष्टीने 31 जुलै हा दरवर्षी सारखाच असतो, मग त्या वर्षी अधिक महिना असो वा नसो. दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या गुलटेकडीला सणाच्या आदल्या दिवशी जो भाव फुटतो, त्यामागे या दोन पंचांगांची ओढाताण असते. पाऊस, वाहतूक, एकाच वेळी झालेली आवक ही कारणे असतातच, पण मूळ गाठ इथे आहे.

रोपाला दिवसाची लांबी कळते कशी?

1920 मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा वाण उन्हाळ्यात प्रचंड वाढायचा, पण फुलायचा नाही. खत, पाणी, तापमान सगळे तपासून झाल्यावर त्यांनी रोपे रोज ठरावीक वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवली आणि रोपे फुलली. फुलण्याचा आदेश दिवसाच्या लांबीतून मिळतो, हे तेव्हा स्पष्ट झाले.

पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रोप खरे तर दिवस नव्हे, रात्र मोजते आणि तीही सलग रात्र. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी उजेड पडला तरी रोपाचा हिशेब मोडतो. त्याला एक लांब रात्र न दिसता दोन छोट्या रात्री दिसतात.

हा उजेड टिपण्याचे काम पानांतले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य करते. लाल प्रकाशात ते एका रूपात जाते आणि अंधारात हळूहळू मूळ रूपात परतते. आपल्या भाषेत सांगायचे तर तो एक टायमर आहे. उजेड पडला की तो पुन्हा शून्यावर येतो. 1930च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चाइलाख्यान यांनी हे काम पानांचेच असल्याचे दाखवले. त्यासाठी त्यांनी निवडलेले रोप होते शेवंतीचे. खालच्या पानांना लहान दिवस दिला, तर वर पाने काढून टाकलेल्या शेंड्यालाही कळी धरली. म्हणजे पाने वेळ मोजतात आणि निरोप शेंड्याकडे पाठवतात.

यावरून फुलझाडांचे तीन गट पडतात. दिवस लहान झाला की फुलणारी लघुदिनी, उदा. शेवंती आणि पॉइनसेटिया. दिवस मोठा झाला की फुलणारी दीर्घदिनी, उदा. गुलदस्त्यात भरायला वापरतात ती बारीक पांढरी जिप्सोफिला. आणि दिवसाच्या लांबीशी देणेघेणे नसलेली दिन-उदासीन, उदा. गुलाब.

महाराष्ट्रात दिवस लहान-मोठा होतो तरी किती?

फारसा नाही आणि अडचण तिथेच आहे. पुण्यात 21 जूनला दिवस सुमारे 13 तास 14 मिनिटांचा असतो, तर 21 डिसेंबरला सुमारे 11 तासांचा. म्हणजे वर्षभरातला फरक सव्वादोन तासांचा. बंगळुरूत सर्वांत मोठा दिवसही 13 तासांच्या आतच असतो. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅममध्ये मात्र जूनमध्ये दिवस पावणेसतरा तासांपर्यंत जातो आणि डिसेंबरमध्ये पावणेआठ तासांच्याही आत येतो.

शेवंतीच्या अनेक वाणांत कळी तयार होण्यासाठी दिवस साडेचौदा तासांपेक्षा लहान आणि ती कळी नीट वाढून फुलण्यासाठी साडेतेरा तासांपेक्षा लहान असावा लागतो. यात सूर्योदयापूर्वीचा आणि सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाशही काही प्रमाणात धरावा लागतो. आता पुण्याचा आकडा पुन्हा पाहा. आपल्याकडे जूनमध्येही दिवस साडेचौदा तासांचा होत नाही. 'अजून फुलू नकोस' असा स्पष्ट निरोप आपल्या शेवंतीला निसर्गाकडून मिळतच नाही. त्यामुळे रोप लहान असतानाच कळी धरू पाहते. डिसेंबरमध्ये उघड्यावर लावलेले शेवंतीचे रोप वीतभर उंचीवरच फुलते ते यामुळे.

हारात ओवायच्या सुट्या फुलाला हे एक वेळ चालते. पण गुलदस्त्यासाठी दांड्यासह विकल्या जाणाऱ्या फुलाला, ज्याला बाजारात कट फ्लॉवर म्हणतात, पैसे दांड्याच्या लांबीचेही मिळतात. दांडा आखूड भरला की प्रत घसरते आणि भावही.

म्हणून रात्री दिवे?

होय. रोपे लावल्यापासून साधारण चार आठवडे, म्हणजे दांडा हव्या त्या उंचीचा होईपर्यंत, रात्री 10 ते 2 या वेळेत दिवे लावले जातात. रात्रीचे दोन तुकडे होतात, टायमर शून्यावर येतो आणि रोप उंच वाढत राहते. मग एका ठरावीक तारखेला दिवे बंद. तिथून वाणानुसार साधारण 7 ते 11 आठवड्यांत फूल तोडणीला येते. ज्या मातृरोपांपासून लावणीसाठी छाट कलमे घेतात, ती तर कायमच अशा उजेडाखाली ठेवावी लागतात.

म्हणजे शेतकऱ्याचा खरा हिशेब लावणीच्या तारखेपेक्षा दिवे बंद करण्याच्या तारखेचा असतो. सण कोणत्या तारखेला आहे ते पाहायचे आणि वाणाला लागणारे आठवडे मागे मोजायचे. चंद्राच्या पंचांगाशी सूर्याच्या पंचांगाची गाठ अशी बटणावर घातली जाते. व्हिएतनामच्या दा लातमध्ये आणि कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतातही शेवंतीची हरितगृहे रात्री याच कारणासाठी उजळलेली दिसतात.

जिप्सोफिलाच्या बाबतीत हाच दिवा उलटे काम करतो. ती दीर्घदिनी असल्याने रात्र तोडली की फुलायला लागते. विषुववृत्तावर दिवस कधीच पुरेसा मोठा होत नाही, त्यामुळे केनिया आणि इक्वेडोरमध्ये तिला फुलवण्यासाठी दिवे लावतात.

वीजबिल परवडते का?

उजेड फार लागत नाही, ही यातली दिलासा देणारी बाब. दुपारच्या कडक उन्हात प्रकाश 1 लाख लक्सच्या आसपास असतो. रोपाचा टायमर मोडायला साधारण 100 लक्स पुरतात. कारण हा उजेड अन्न तयार करण्यासाठी नसून केवळ निरोप देण्यासाठी असतो.

ढोबळ हिशेब करून पाहू. समजा 10 गुंठे क्षेत्र आहे, म्हणजे सुमारे 1000 चौरस मीटर. दर 3 मीटरवर एक 9 वॅटचा एलईडी धरला, तर 110च्या आसपास बल्ब लागतील. एकूण भार साधारण 1 किलोवॅट. रोज 4 तास म्हणजे 4 युनिट आणि महिनाभराचे 120 युनिट. जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात हाच आकडा दहा पटींहून जास्त होता.

दिवे सलग 4 तास न लावता दर अर्ध्या तासात 6 मिनिटेच लावायचे, अशीही पद्धत आहे. फायटोक्रोमला तेवढी आठवण पुरते आणि वीज पाचव्या हिश्शावर येते. त्यासाठी साधा टायमर स्विच लागतो.

खरी जोखीम बिलाची नाही, वीज जाण्याची आहे. सलग काही रात्री दिवे लागले नाहीत, तर रोप आपला निर्णय घेऊन टाकते. एकदा शेंड्यात कळी धरायला सुरुवात झाली की पुन्हा दिवे लावून गेलेली उंची परत मिळत नाही. महिनाभराची मेहनत आखूड दांड्यावर संपते. म्हणून अशा शेतात इन्व्हर्टर किंवा जनरेटरची सोय ही चैन ठरत नाही.

सण लवकर आला तर काय करायचे?

ही जास्त अवघड बाजू आहे. पुरंदर, दौंड या पट्ट्यात उघड्या रानात शेवंती घेतली जाते. तिथे दिवसाची लांबी निसर्गावर सोडलेली असते. एखाद्या वाणाला 9 आठवडे लागतात असे धरू. 24 ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी त्याने 22 ऑगस्टच्या आसपास कळी धरायला हवी. तेव्हा पुण्यातला दिवस सुमारे 12 तास 40 मिनिटांचा असतो, म्हणजे काम सोपे. पण 2 ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी हीच तारीख 31 जुलै येते. तेव्हा दिवस जवळजवळ 13 तासांचा असतो आणि संधिप्रकाश धरला तर साडेतेराच्या उंबरठ्यावर. रोप कळी धरते, पण रखडते.

गणेशोत्सवासाठी तर हा हिशेब थेट जूनमध्ये जातो. तेव्हा दिवस सर्वांत मोठा असतो. दिवसाच्या लांबीला कमी दाद देणारे वाण निवडणे हा एक उपाय. दुसरा उपाय काळ्या कापडाचा. संध्याकाळी पाचच्या सुमारास रोपे झाकायची आणि सकाळी सात-आठला उघडायची. नेदरलँड्समध्ये उन्हाळ्यात हरितगृहांवर असे पडदे आपोआप ओढले जातात.

आपल्याकडे मात्र पाच वाजता ऊन तापलेलेच असते. काळ्या आच्छादनाखाली गरम हवा कोंडते आणि शेवंतीला उष्णता सोसत नाही. तापमान 30 अंशांच्या वर राहिले की लहान दिवस मिळूनही कळी धरायला उशीर होतो. दिवस लहान करायला जावे तर उष्णता वाढते, असा हा पेच आहे.

गुलाबाला दिवसाची लांबी लागत नाही, मग तो वर्षभर सारखा का नसतो?

कारण गुलाब घड्याळ पाहत नसला तरी थर्मामीटर पाहतो. छाटणीनंतर फुटवा फुटून फूल तोडणीला यायला लागणारे दिवस मुख्यतः तापमानावर ठरतात. महाराष्ट्रातल्या पॉलिहाऊसमध्ये हा काळ साधारण 45 ते 50 दिवसांचा असतो.

मावळातले गुलाब उत्पादक व्हॅलेंटाइन डेसाठी डिसेंबरच्या मध्याच्या आसपास छाटणी करतात ती या हिशेबाने. परदेशात जाणारे फूल जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांत निघायला हवे. जानेवारीत थंडीचा कडाका वाढला तर फुले रेंगाळतात. उकाडा झाला तर आधीच उमलतात आणि शीतगृहात ठेवण्याची वेळ येते. 14 फेब्रुवारी ही तारीख अधिक महिन्याने हलत नाही, पण चार-पाच दिवसांची चूक झाली तरी निर्यातीचे फूल स्थानिक बाजारात विकावे लागते. दोन्हीकडच्या भावांत मोठा फरक असतो.

उष्णतेचा परिणाम फक्त वेळेवर होत नाही. फार गरम हवेत गुलाब लवकर फुलतो, पण कळी लहान राहते, पाकळ्या कमी भरतात आणि दांडा बारीक होतो. दिवसा पानांनी तयार केलेली साखर उबदार रात्री श्वसनात खर्च होऊन जाते. गार रात्री ती शिल्लक राहते आणि कळी भरते. म्हणून 'दिवसा ऊन, रात्री गारवा' हे गुलाबाचे आवडते हवामान.

म्हणून केनिया आणि इक्वेडोर?

नकाशावर हे देश विषुववृत्तावर असल्याने तिथे अंगाची लाही होत असेल, असे वाटते. पण गुलाबाची शेती असते ती डोंगराळ पठारांवर. केनियातले नैवाशा सुमारे 1900 मीटर उंचीवर आहे, कोलंबियातले बोगोटाचे पठार 2600 मीटरच्या आसपास आणि इक्वेडोरमधले कायांबे 2800 मीटरच्या आसपास. उंची 1000 मीटरने वाढली की तापमान साधारण 6 अंशांनी उतरते. त्यामुळे विषुववृत्ताचे ऊन आणि डोंगराचा गारवा एकाच ठिकाणी मिळतात.

शिवाय तिथे दिवस बारा महिने 12 तासांच्या आसपासच राहतो. हिवाळ्यात नेदरलँड्सच्या हरितगृहांना उष्णताही विकत घ्यावी लागते आणि उजेडही. नैवाशाला दोन्ही निसर्गाकडून मिळतात. कायांबेसारख्या उंच जागी गुलाबाला तयार व्हायला जास्त दिवस लागतात, पण फूल टपोरे आणि दांडा लांब येतो.

आपले तळेगाव दाभाडे किंवा मावळ एवढे उंच नाही. सहाशे-साडेसहाशे मीटरवर मिळणारा गारवा मुख्यतः हिवाळ्यापुरता असतो. मावळाचा निर्यात हंगाम हिवाळ्यात येण्यामागे व्हॅलेंटाइन डेची मागणी आहे, तसाच हा गारवाही आहे.

मग कोकण आणि गोव्याने काय पिकवावे?

जे गारवा मागत नाही ते. किनारपट्टीवर रात्रीही हवा उबदार आणि दमट असते. गुलाबाला ती मानवत नाही. पण अँथुरियम, डेंड्रोबियम ऑर्किड, हेलिकोनिया यांचे मूळ घरच अशा हवेत आहे. डेंड्रोबियमच्या निर्यातीत थायलंडने नाव कमावले ते याच हवामानावर.

अँथुरियममध्ये साधारणपणे प्रत्येक नव्या पानाच्या बेचक्यातून एक फूल येते. म्हणजे जितकी पाने तितकी फुले. इथे दिवसाच्या लांबीपेक्षा सावली महत्त्वाची. 75 टक्क्यांच्या आसपास सावली देणारी शेडनेट लागते, नाहीतर पाने करपतात. थंडी पडली की नवे पान उशिरा येते आणि फूलही.

पावसाळ्यात दिवस मोठा, तरी फुले कमी का?

उजेड किती तास मिळतो आणि किती प्रमाणात मिळतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जून-जुलैत दिवस सर्वांत मोठा असतो, पण ढगांमुळे पानांपर्यंत पोहोचणारे ऊन कमी होते. फायटोक्रोमला अंधूक उजेडही दिवसच वाटतो, पण अन्न तयार करायला तो पुरत नाही. त्यामुळे पॉलिहाऊसमधल्या गुलाबाचा आणि जरबेराचा दांडा कमजोर येतो. त्यात ओलसर हवेमुळे बुरशीजन्य रोग वाढतात.

हवामान बदलाने नेमके काय बिघडते?

दिवसाची लांबी पृथ्वीच्या भ्रमणावर ठरते. ती शंभर वर्षांपूर्वी होती तशीच आजही आहे. बदलते आहे ते तापमान. फूल कधी येणार हे या दोन्ही गोष्टी मिळून ठरवतात. आता घड्याळ जुनेच आहे, पण थर्मामीटर भरवशाचा राहिलेला नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या रात्री अधिक उबदार राहिल्या तर शेवंती लहान दिवस मिळूनही रेंगाळते आणि दसऱ्याचे फूल दसरा उलटल्यावर येते. डिसेंबर-जानेवारीतली थंडी लहरी झाली तर गुलाबाचा 45-50 दिवसांचा हिशेब कोलमडतो. बापजाद्यांच्या अनुभवावर ठरलेल्या लावणीच्या तारखा यामुळे चुकू लागतात. आणि फूल हा असा माल आहे की सणाच्या आदल्या दिवशी त्याला सोन्याचा भाव येतो आणि दुसऱ्या दिवशी ते उकिरड्यावर जाते. कांद्यासारखे ते चाळीत साठवता येत नाही.

पडदे, फॉगर, दिवे, टायमर यांनी यातला काही भाग हातात घेता येतो, पण तो पॉलिहाऊस उभारू शकणाऱ्यांच्या. उघड्या रानातल्या शेतकऱ्याकडे वाणाची निवड आणि लावणीची तारीख एवढीच हत्यारे उरतात. त्यामुळे कोणता वाण किती आठवड्यांत फुलतो आणि किती उष्णता सोसतो, ही माहिती त्याच्यासाठी खताच्या पोत्याइतकीच मोलाची आहे.

जाता जाता, तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीसाठी

नर्सरीतून आणलेली शेवंती पहिल्या बहरानंतर पुन्हा फुललीच नाही, अशी तक्रार शहरात अनेकांची असते. खत बदलण्याआधी रात्री एकदा बाल्कनीत डोकावून पाहा. रस्त्यावरचा दिवा किंवा घरातली ट्यूबलाइट उशिरापर्यंत कुंडीवर पडत असेल, तर तुम्ही चिक्कबळ्ळापूरच्या शेतकऱ्याचेच काम नकळत करत आहात. ऑगस्टनंतर कुंडी अशा कोपऱ्यात ठेवा जिथे रात्री खरोखर अंधार असेल. दोन-अडीच महिन्यांत कळ्या उमललेल्या दिसायला हव्यात.